खाटेखालची बॅटरी

ऑक्टोबर लागला की मिशिगनमधल्या मराठी घरांत फराळाच्या ऑर्डरींचे फोन सुरू होतात. मला त्याच सुमारास आणखी एक फोन येतो.

"काय रे, बॅटरी घरी आणलीस का?"

"काका, माझ्याकडे ट्रेलर नाहीये."

"नसू दे. गाडीला तर आहे ना?"

दर वर्षी हाच संवाद, ह्याच क्रमाने. फोन करणाऱ्याला मंडळातली पोरं बॅटरीकाका म्हणतात, आणि आता पोरांचे आईबापही. खरं नाव मंडळाच्या वर्गणीच्या वहीत असेल.

परदेशातल्या प्रत्येक महाराष्ट्र मंडळात असा एक गृहस्थ असतो, ज्याने कुठल्यातरी एका वस्तूची काळजी जन्मभरासाठी अंगावर घेतलेली असते. एकाला कढीपत्त्याचं झाड हिवाळ्यात जगवायचं असतं. एकाला तळघरात पाणी शिरण्याची धास्ती. त्यांच्याशी तुम्ही निवडणुकांवर बोला, क्रिकेटवर बोला, चौथ्या वाक्याला गाडी कढीपत्त्यावर येते. आमच्या काकांची पहिल्याच वाक्याला येते. त्यांची काळजी चोरीची आहे ना, ती तीन वाक्यं थांबत नाही.

काका मूळचे सांगली जिल्ह्यातले, वाळवा तालुक्यातले. पुण्यात इंजिनिअर झाले, डेट्रॉइटजवळ गाड्यांच्या धंद्यात तीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात. काका इंडियानातल्या एल्कहार्टला गेले. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर त्या गावात नि आसपास तयार होतात, तेव्हा तिथूनच घेतला तर स्वस्त पडेल असा त्यांचा हिशेब होता. (पडला नाही.) चोवीस फुटी ट्रेलर आला. काकूंच्या शब्दांत, "सहा जण झोपतील, पण दोघांनी एकदम उभं राहायचं नाही."

ज्यांनी हे प्रकरण जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर. त्याच्या तोंडाशी एक लोखंडी त्रिकोण असतो, त्याला इथले लोक 'टंग' म्हणतात, म्हणजे जीभ. जिभेवर गॅसच्या टाक्या आणि त्यांच्या शेजारी बॅटरी. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा, गॅस गळला तर बोंबलणारा भोंगा, सगळं हिच्या जिवावर. चालत्या रस्त्यात ट्रेलर गाडीपासून सुटला, तर एक पिन ओढली जाऊन त्याचे ब्रेक आपोआप लागतात, तेही हिच्याच जिवावर. बॅटरी नसेल तर सुटलेल्या ट्रेलरला थांबवायला फक्त समोरचं झाड. आणि इतकी मोलाची चीज ठेवायची कुठे, तर घराबाहेर, उघड्यावर, प्लॅस्टिकच्या डब्यात, वर एक पट्टा बांधून. डब्याने पाऊस अडतो. चोराला मात्र त्याच्यामुळे शोधाशोध करावी लागत नाही. "अरे, आपण देवळाबाहेर चपला काढताना एक इथे नि एक तिथे काढतो," काका म्हणतात, "आणि ही माणसं अख्ख्या घराचा जीव पायरीवर ठेवून झोपतात!"

काकांचा ट्रेलर तर घरासमोरही नव्हता. त्यांच्या वसाहतीत दारात ट्रेलर उभा करायला बंदी. तिथले नियम गवत किती इंच वाढू द्यायचं इथपर्यंत जातात. म्हणून ट्रेलर गावाबाहेरच्या यार्डात, महिन्याच्या भाड्यावर. तारेचं कुंपण, आकडे दाबून उघडणारं फाटक, आणि कॅमेऱ्याचं चित्र असलेली पाटी. चित्रच होतं.

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी इथे मेमोरियल डेची सुट्टी असते आणि ट्रेलरवाल्यांचा हंगाम तिथून सुरू होतो. त्या शनिवारी काका-काकू आणि आम्ही नवराबायको लेक मिशिगनच्या काठाला जायला निघालो. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, सगळी तयारी. यार्डात काकांनी जीभ वर उचलायचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. मग ते वाकले आणि वाकलेलेच राहिले.

पट्टा गुंडाळून बाजूला ठेवलेला. झाकण उलटं करून गवतावर, जसं काकू पोळ्यांच्या डब्याचं ठेवतात तसं. आत दोन चौकोनी रिकाम्या जागा. गोल्फच्या गाड्यांना असतात तसल्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या, जोडून बारा व्होल्ट होतात. एकेकीचं वजन २८ किलो. तारा मधूनच कापलेल्या.

काकांना जास्त लागलं ते तारांचं. "विंग नट होते रे! हाताने सुटतात! दोन मिनिटांचं काम. कापायची काय गरज होती?" चोराने दोन मिनिटं धीर धरला असता तर काकांनी त्याला निम्मं माफ केलं असतं, असं मला वाटतं.

मग रीतसर सगळं झालं. यार्डवाल्यांनी करारातलं कलम दाखवलं: वस्तू मालकाच्या जबाबदारीवर. विमावाल्यांनी सांगितलं, पहिले पाचशे डॉलर तुमचे. बॅटऱ्या तीनशेच्या. पोलिसांनी फोनवर तक्रार घेतली आणि सीरियल नंबर विचारला. काकांकडे १९९४ सालच्या टोस्टरची पावती आहे. बॅटरीचा नंबर नव्हता. पण खरा घाव बसला तो नव्या बॅटऱ्या घेताना. इथे नवी बॅटरी घेताना जुनी परत द्यायची असते, नाहीतर बिलात वर डिपॉझिट लावतात. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं, ते वितळवून पुन्हा वापरतात, म्हणून ही सोय. काउंटरवरच्या पोराने विचारलं, "जुन्या कुठे आहेत?"

"तेच मी पोलिसांना विचारतोय," काका म्हणाले.

पोराने डिपॉझिट लावलं. दोन बॅटऱ्यांचं दोनदा. ती पावती काकांच्या पाकिटात आहे. चहा झाला की ती निघते, घडीवर फाटायला आलेली. "बॅटरी चोराच्या घरी," ते पावतीवर बोट ठेवून म्हणतात, "आणि डिपॉझिट माझं!"

त्या दिवसापासून माणूस बदलला. आधी नंबर. नव्या बॅटऱ्यांचे नंबर तीन वह्यांत लिहिले, फोटो काढले, फोटो मुलीला कॅलिफोर्नियात पाठवले. मग कोरण्याचं यंत्र आणून बॅटरीच्या अंगावर देवनागरीत कोरलं: 'ही बॅटरी चोरीची असू शकते. मालकाला विचारा.' दुसरीवर कोरायची वेळ आली तेव्हा मनगट दुखायला लागलं होतं, म्हणून तिच्यावर नुसतंच 'हीसुद्धा'.

"अहो, मिशिगनमधला कुठला चोर मराठी वाचणार?" काकूंनी विचारलं.

"वाचता येणार नाही म्हणूनच घाबरेल. इंग्रजीत लिहिलं तर त्याला कळेल की नुसतीच धमकी आहे."

मग साखळी आली. साखळीला कटर लागतं हे कळल्यावर जाडी वाढली. जाड साखळीचं कुलूप बारीक पडलं म्हणून कुलूप वाढलं, आणि त्याची कडी झाकलेली हवी, नाहीतर कटरचं तोंड आत शिरतं, म्हणून तेही बदललं. शेवटी काकांनी स्वतःच्या हाताने पोलादी पेटी वेल्ड केली, कुठेही फट न ठेवता. कॅम्पमध्ये शेजारी एक अमेरिकन म्हातारा होता, रेल्वेतून निवृत्त झालेला. त्याने पेटीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हवा कुठून जाते?" शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. बंद पेटीत तो साठला आणि एखादी ठिणगी पडली तर चोराची गरजच उरणार नव्हती. तीस वर्षं इंजिनिअरिंग केलेला माणूस त्या दिवशी कुणाशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पेटीला भोकं पडली.

तोवर काकूंनी फ्रिजवर एक कागद लावला होता. डावीकडे 'बॅटऱ्या', खाली ३१०. उजवीकडे 'राखण', खाली ४६५, आणि त्याच्यापुढे थोडी जागा मोकळी.

मिशिगनमध्ये थंडीआधी बॅटरी काढून घरी आणणं हा तसा सगळ्यात साधा आणि पक्का उपाय. चोरीही टळते आणि थंडीही. पूर्ण भरलेली बॅटरी इथल्या थंडीला दाद देत नाही, पण उतरलेली शून्याच्या थोडं खाली गेलं की गोठते आणि फुटते. काका ती दसऱ्याच्या आधी आणतात. खंडेनवमीला बाकीच्या घरांत लॅपटॉप नि पाने-पकडी पुजतात. काकांकडे पाटावर दोन बॅटऱ्या, लाल टोकाला कुंकू, काळ्या टोकाला हळद, मध्ये झेंडूचं फूल. तुपाचा दिवा मात्र दोन हात लांब. रेल्वेवाल्या म्हाताऱ्याचा प्रश्न ते विसरलेले नाहीत.

एका वर्षी मात्र नातवाच्या बारशाला कॅलिफोर्नियात गेले आणि अडकले ते नोव्हेंबर अर्धा संपेपर्यंत. परत आले तर सगळीकडे बर्फ. यार्डात गेले, कुलपात किल्ली घातली. फिरेना. आत पाणी शिरून गोठलेलं. गरम पाणी ओतलं, तेही गोठलं. ज्या कुलपावर काकांनी तीन महिने अभ्यास केला होता, ते उघडण्याचा एकच मार्ग उरला, आणि तो कोणता हे सगळ्या अमेरिकेत त्यांच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक नव्हतं. ते घरी गेले आणि ग्राइंडर घेऊन आले.

संध्याकाळी साडेपाचला, अंधारात, कानटोपी ओढलेला माणूस ट्रेलरच्या जिभेपाशी बसून ठिणग्या उडवतोय. पलीकडच्या घरातून कुणीतरी फोन केला. त्यांचं काही चुकलं नाही. मीही केला असता.

पोलीस पोरगेला होता. त्याने विचारलं, काय चाललंय. काका म्हणाले, माझीच बॅटरी काढतोय. तो म्हणाला, हे मी आधीही ऐकलंय. कागदपत्रं घरी. यार्डाचं ऑफिस पाचला बंद. शेवटी काकांना आठवलं. "माझी खूण आहे तिच्यावर. माझ्या भाषेत." पोलिसाने टॉर्च मारला. अक्षरं होती खरी. "पण काय लिहिलंय हे तुम्हीच सांगणार, नाही का?"

मग काकूंना फोन लागला, स्पीकरवर. मराठीत एक अक्षर बोलायचं नाही, असं काकांना बजावून पोलिसाने स्वतः विचारलं, "मॅडम, तुमच्या नवऱ्याच्या बॅटरीवर काय लिहिलंय?"

काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी विचारलं, "कुठल्या? डावीवर की उजवीवर?"

पोलिसाने वही मिटली. तरी त्यांनी पुढे सांगितलंच की डावीवर सगळा मजकूर आहे, उजवीवर फक्त 'हीसुद्धा', आणि ह्यांना म्हणावं जेवायला या.

त्यानंतर काकांची कंबर धरली. २८ किलो दोनदा उचलून गाडीत टाकायचे म्हणजे काय असतं ते सत्तरीत कळतं. डॉक्टरांनी ओझं बंद केलं तेव्हा लिथियमचा विचार सुरू झाला. शंभर अँपिअर-तासांची लिथियमची बॅटरी बारा-तेरा किलोची. पण त्यावर काकांनी सहा महिने घातले. "मला उचलायला हलकी म्हणजे चोरालाही हलकी. त्याची नि माझी कंबर सारखीच धरा." शिवाय किंमत जास्त, म्हणजे भुरळही जास्त. शेवटी एका गोष्टीने मन वळलं. ह्या बॅटरीतून शिशाच्या बॅटरीसारखा गॅस निघत नाही, तेव्हा ती ट्रेलरच्या आत ठेवता येते. शून्याखाली ती चार्जही करायची नसते, म्हणून आत ऊब असलेली बरीच.

आत म्हणजे कुठे? पलंगाखाली.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा त्याच तळ्याकाठी गेलो होतो. रात्री काकांनी पलंगाची फळी उचलून दाखवली. खालच्या कप्प्यात बॅटरी, पट्ट्यांनी आवळलेली. मग बाहेर शेकोटीपाशी बसून ते बराच वेळ आबांबद्दल बोलले, म्हणजे त्यांच्या वडिलांबद्दल. आबांनी कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला तेव्हा वस्तीवर वीज नव्हती. रोज दिवेलागणीला आबा पाना घेऊन बॅटरी सोडायचे, खांद्यावर टाकून आणायचे आणि खाटेखाली ठेवून वर झोपायचे. कॉलेजातून सुट्टीला आलेला मुलगा हसायचा. "मी म्हणायचो, आबा, ट्रॅक्टर बाहेर नि बॅटरी घरात, हे काय? म्हातारा म्हणायचा, ट्रॅक्टर उचलून न्यायचा म्हंजी चार गडी लागत्यात. हिला एकच पुरं."

काकू आतून म्हणाल्या, "आता झोपा. तुमच्या बॅटरीवर मी झोपलेय, कुणी नेत नाही."

सकाळी तो रेल्वेवाला म्हातारा कॉफीचा पेला घेऊन आला. काकांनी त्याला पलंगाखालची जागा दाखवली, मग बाहेरून त्याच कप्प्याचं छोटं दार दाखवलं, कुलूप लावलेलं. म्हाताऱ्याने दार बघितलं, खिशातून स्वतःच्या ट्रेलरची किल्ली काढली, काकांच्या कुलपात घातली आणि फिरवली. दार उघडलं.

किल्लीवर सीएच ७५१ असा नंबर होता. काकांच्याही किल्लीवर तोच. अमेरिकेतल्या असंख्य ट्रेलरच्या बाहेरच्या कप्प्यांना कारखान्यातूनच ही एक किल्ली येते, आणि दुकानात ती कुणालाही विकत मिळते. तुमचा किंवा तुमच्या मुलाचा तिकडे ट्रेलर असेल, तर आजच किल्लीवरचा नंबर बघून घ्या. फ्रिजवरच्या कागदावर उजवीकडचा आकडा आता ५२३ आहे.