दाब कसा वाटतोय?

पाठ दुखायला वीस वर्षं लागतात आणि ती बरी व्हायला साठ मिनिटं, असा हिशेब चेंबूर-देवनार पट्ट्यात सर्वमान्य आहे. या साठ मिनिटांत घडीचं टेबल उलगडणं, चादर घालणं, कुकरच्या तीन शिट्ट्या आणि कुरिअरवाल्याची बेल हे सगळं धरलेलं असतं. उरलेल्या वेळात मी मालिश करते. मी नवी मसाज थेरपिस्ट आहे. घरोघरी जाते, फक्त बायकांकडे. पुढची गाऱ्हाणी कोणाविरुद्ध नाहीत. नोंद असावी, एवढंच.

पहिली अडचण पत्त्याची. मी देवनारला राहते. माझी बरीचशी गिऱ्हाइकंही देवनारलाच राहतात, पण त्यांच्या इमारतींच्या पाट्यांवर चेंबूर लिहिलेलं असतं. फोनवर मी देवनार म्हटलं की पलीकडून चौकशी होते, ‘कुठलं देवनार? टिसकडचं की डंपिंगकडचं?’ टिस, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्था, इथे १९५४ पासून आहे, कत्तलखाना १९७१ पासून आणि कचरा १९२७ पासून. ज्येष्ठतेने पाहिलं तर पत्ता सांगताना पहिला मान कचऱ्याचा. पण टिसकडचं म्हटलं की माझा दर चालतो आणि डंपिंगकडचं म्हटलं की आधी टॉवेल हुंगला जातो. बकरी ईदच्या आधी कत्तलखान्याच्या आवारात बकऱ्यांचा बाजार भरतो, रिक्षावाले त्या बाजूला यायला नाही म्हणतात आणि मी टेबल खांद्याला लावून उशिरा पोचते. ‘बकऱ्यांमुळे उशीर झाला’ हे कारण देवनारमध्ये राहणाऱ्या बाईला पटत नाही, कारण ती चेंबूरला राहते.

खाली वॉचमनकडे रजिस्टर असतं. त्यात ‘कामाचं स्वरूप’ या रकान्यात तो ‘मालिश’ असं मोठ्या अक्षरात लिहितो आणि मला सामानाच्या लिफ्टकडे पाठवतो. हे टाळायला काही ताई त्याला आधीच सांगून ठेवतात, ‘फिजिओ येणार आहेत.’ मग मला मुख्य लिफ्ट मिळते, वर चौथ्या मजल्यावरचे काकाही मिळतात, आणि ते आपला गुडघा दाखवतात. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांची सरकारी परिषद आहे, नोंदणी आहे, पदवी आहे. माझ्याकडे कोर्सचं सर्टिफिकेट आहे. मी तसं सांगते. काकांचा गुडघा तत्क्षणी आत जातो.

माझ्या कार्डावर ‘फक्त महिलांसाठी’ असं ठळक छापलं आहे. ते वाचून फोन करणारे बहुतेक पुरुष असतात. त्यांतले सभ्य असतात ते ‘मिसेससाठी हवंय’ म्हणतात. मिसेसना फोन द्या म्हटलं की मिसेस माहेरी गेलेल्या असतात.

कोर्समध्ये आम्हांला स्वीडिश मसाज शिकवला. त्याचं श्रेय पेर हेन्रिक लिंग (१७७६–१८३९) या स्वीडिश गृहस्थांना देतात. प्रत्यक्षात हाताच्या पद्धती नीट बसवल्या योहान मेझ्गर या डच डॉक्टरने, त्यांची नावं आहेत फ्रेंच, आणि खुद्द स्वीडनमध्ये याला क्लासिक मसाज म्हणतात. गिऱ्हाइकाला मात्र तेल तरी स्वीडनचं हवं असतं. तेल मी घाटकोपरहून आणते. हे कळल्यावर ताई आतून जुन्या सरबताच्या बाटलीतलं, गावच्या घाण्याचं तेल काढून देतात. नंतर चादरीला डाग पडतो. तो माझ्या नावावर.

पण खरी स्पर्धा स्वीडनशी नाही. प्रत्येक घरात एक मालिशवाली बाई होऊन गेलेली असते. ती बाळंतिणीला रगडायची, शेक द्यायची, पाय लांब करून बाळाला त्यावर घ्यायची, न्हाऊ घालून धुरी द्यायची, आणि सव्वा महिन्याने साडी-नारळ घेऊन जायची. कधी तक्रार केली नाही, कधी दर वाढवला नाही, आणि आता हयातही नाही, त्यामुळे पडताळा घेण्याची सोय नाही. एका काकूंनी सांगितलं की त्या बाईने त्यांच्या धाकट्या दिराचं बसकं नाक रोज तेलाच्या बोटाने ओढून सरळ केलं. मी त्या दिरांना पाहिलं आहे. काही बोलले नाही. बावन्नाव्या वर्षी नाकाला हात लावणं कोर्समध्ये नव्हतं.

या काकूंच्याच घरी सासूबाईंनी मला विचारलं, ‘तू पायाळू का गं?’

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी : जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. कंबरेत उसण भरली की अशा माणसाची लाथ पाठीला लावून घ्यायची, उसण निघते. मी म्हटलं, ‘नाही आजी, मी डोक्याकडून आले.’ आजींचा चेहरा पडला. सुनेकडे वळून त्या म्हणाल्या, ‘मग हिचे एवढे पैसे कशाचे?’ मी अंग चोळलं, कंबर सैल केली, गरम पाण्याच्या पिशवीने शेकायला सांगितलं, वाकून बादली उचलू नका म्हणाले. दोन दिवसांनी उसण तशीच होती. चौथ्या दिवशी शेजारच्या विंगमधल्या एका पायाळू मुलाला बोलावलं, त्याने मोबाइलवरून नजर न काढता लाथ मारली, आणि सहाव्या दिवशी आजी भाजी आणायला गेल्या. आता अशी अचानक धरलेली कंबर बहुधा काही दिवसांत किंवा दोन-चार आठवड्यांत आपली आपणच सुटते. म्हणजे श्रेय शेवटी आलेल्याचं. मी नेहमी आधी बोलावली जाते. हा धंद्यातला दोष आहे आणि त्यावर उपाय म्हणून मी दोन आठवडे उशिरा जाऊन पाहावं, असं माझ्या मनात अनेकदा येतं.

जुन्यांचं असं, नव्यांचं वेगळं. त्यांनी रील पाहिलेली असते. त्यांना ‘टॉक्सिन’ बाहेर काढून हवी असतात. तास संपला की विचारतात, ‘किती निघाली?’ मी टॉवेलकडे पाहते. त्यांना लॅक्टिक ॲसिडही वाहून जायला हवं असतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये काही तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली, मग प्रत्येकाच्या एकाच पायाला मसाज करून दोन्ही मांड्यांतल्या स्नायूंचे नमुने तपासले. मसाज केलेल्या पायात दाह कमी झाल्याच्या खुणा सापडल्या. लॅक्टिक ॲसिडमध्ये काही फरक नव्हता. हे मी एका ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मग तुमच्या हातात दम नसेल.’

‘गाठ फोडा’ हीदेखील आज्ञा असते. खांद्याजवळचा स्नायू आखडतो, तो हाताला गाठीसारखा लागतो. तो हळूहळू सैल होतो, फुटत नाही. पण आवाज आल्याशिवाय पैसे वसूल झाले असं वाटत नाही. ‘ह्यांचा सलूनवाला दाढीबरोबर फुकट मान मोडून देतो, कट्ट करून,’ असं मला ऐकवण्यात येतं. मानेला असा झटका दिल्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला क्वचित इजा होते, म्हणून मी मान मोडत नाही. फुकट मिळणारी गोष्ट पैसे घेऊन न देणारी बाई, अशी माझी ख्याती एका सोसायटीच्या बी विंगमध्ये आहे.

आता दाबाचं. टेबलावर पालथं झोपलेल्या बाईला मी दर थोड्या वेळाने विचारते, ‘दाब कसा वाटतोय?’ उत्तर येतं, ‘ठीक आहे.’ हात हलका केला, तरी ठीक आहे. कोपर लावलं, तरी ठीक आहे. मधल्या काळात ताई सोसायटीच्या पाण्याबद्दल, जावेबद्दल आणि मुलाच्या क्लासच्या फीबद्दल सविस्तर बोलतात, दाबाबद्दल नाही. तास संपतो. ‘आलीच आहेस तर सासूबाईंच्या गुडघ्यांना जरा तेल लाव,’ हे होतं. मी टेबल आवरून खाली उतरते, आणि बस यायच्या आत फोनवर अभिप्राय आलेला असतो : ‘हात फार जड.’ त्याच संध्याकाळी दुसरा : ‘हात हलका, नुसतं तेल लावलं.’ दोन्ही घरी दाब ठीक होता.

आणि त्याखाली तारे. ज्या ॲपवरून मला कामं येतात, तिथे पाचपैकी चारच्या खाली गेलं की कामं आटतात. हे मोजमाप आपल्या घरांसाठी केलेलं नाही. आपल्याकडे आमटी उत्तम झाली तर ‘बरी झालीय’ म्हणतात आणि मुलगा पहिला आला तर ‘दोन मार्क कुठे गेले’ विचारतात. एका काकूंनी तीन तारे दिले, म्हणून मी धीर करून विचारलं, काही चुकलं का. त्या चकित झाल्या. ‘अगं, तीन म्हणजे छानच की! मी पाच कुणालाच देत नाही. सुनेलासुद्धा नाही.’ त्या दर महिन्याला मलाच बोलावतात आणि न चुकता तीन तारे देतात. त्यांच्या समाधानाने मी हळूहळू बेकार होत आहे.

पैशाचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलून-स्पासारख्या सेवांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. त्याच सकाळी एका ताईंचा फोन आला, तेरा टक्के कमी करा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणीही लागत नाही. मी कधी जीएसटी लावलाच नव्हता. जे घेतलं नाही ते कमी कसं करायचं, असं मी विचारलं. ‘तुम्ही बघा ना, ॲडजस्ट करा काहीतरी,’ त्या म्हणाल्या. मी ॲडजस्ट केलं.

सुरुवातीला मी एक कागद भरून घेते : ताप, बीपी, शस्त्रक्रिया, गरोदरपण, औषधं. बँकेच्या फॉर्मवर करावी तशी न वाचता सही होते आणि सगळीकडे ‘नाही’ लिहिलं जातं. मग पोटावर ताजा टाका दिसतो. ‘तो होय, तो गेल्या महिन्यातला.’ दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकू शकतं, हेही त्याच कागदावर आहे. दुसऱ्या दिवशी फोन येतो, ‘अंग ठणकतंय, काय केलंत?’

एका ताईंची एकच पोटरी सुजली होती, गरम लागत होती, दुखत होती. नुकत्याच लांबच्या प्रवासाहून आल्या होत्या. ‘तीच जरा जोरात चोळा,’ म्हणाल्या. अशा पायात शिरेमध्ये रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, एवढं नव्या थेरपिस्टलाही पहिल्याच धड्यात शिकवतात. मी हात लावला नाही. आजच डॉक्टरांकडे जा, म्हणाले, पैसे घेतले नाहीत, टेबल मिटलं. त्या डॉक्टरांकडे गेल्या की नाही ते मला कळलं नाही. एक तारा आला, खाली लिहिलं होतं, ‘आली आणि काम न करता गेली.’ माझ्या आजवरच्या अभिप्रायांत तथ्य म्हणून अचूक असलेला हा एकच.

तेव्हा वाचक भगिनींना विनंती. मालिशच्या आधी भरपेट जेवू नका. ताप असेल तर क्रोसिन घेऊन लपवू नका. कागद वाचा, गोळ्यांची नावं लिहा. एकाच पायाला सूज असेल तर मला नको, डॉक्टरांना फोन करा. कुकर आधी लावून घ्या. आणि दाब कमी-जास्त वाटला तर टेबलावर असतानाच बोला. दुसऱ्या दिवशी ॲपवर कळवलेला दाब मला कमी करून देता येत नाही.