गळ, पेंड आणि पंचांग

इंग्लंडात माशांचंही खानदान बघतात. सॅमन आणि ट्राउट हे वतनदार. त्यांच्यासाठी पिसांचे नकली किडे बांधायचे, नदीचा तुकडा भाड्यानं घ्यायचा आणि मांडीभर गार पाण्यात उभं राहायचं. बाकी कार्प, ब्रीम, टेंच, रोच ही सगळी रयत. गिरण्यांतले कामगार सुट्टीच्या दिवशी कालव्याच्या काठावर बसून पकडत ते हे मासे. आज तिथल्या गळवाल्यांच्या मासिकांत पानंच्या पानं भरतात ती याच रयतेवर: कोणत्या तळ्यावर जावं, गळाला काय लावावं, दोरा किती जाड घ्यावा. आमच्याकडे पापलेटला २०२३ साली राज्यमासा जाहीर केलं, हे ठीकच झालं. पण बालाघाटाच्या डोंगरात राहणाऱ्याला पापलेट आपला वाटायचा तर तो निदान एकदा तरी बर्फाविना दिसायला हवा.

ही मासिकं वाचून वाचून माझ्या अंगात गळ टाकण्याची हौस भिनली. पुण्यात तिला वाव नाही, कारण मुठेत गळ टाकला तर काय वर येईल याची मला भीती वाटते. म्हणून दिवाळी आटोपल्यावर बायकोच्या आजोळी, नांदूरघाटला जायचं ठरलं. केज तालुका, जिल्हा बीड. बायको म्हणाली, "लोक बीडला पाण्याचे टँकर पाठवतात, तुम्ही गळ घेऊन निघालात." तरी तिनं पिशवीत टोपी टाकली.

फायबरची काठी एका लांब काळ्या पिशवीत होती. मांजरसुंब्याला उतरून केजच्या रस्त्याची गाडी धरली, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी त्या पिशवीची लांबी नजरेनं घेतली आणि विचारलं, "मोजणीला आलाव का?"

मी नाही म्हणालो. मोजणीवाला कधी हो म्हणतो का, असं त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. मग उतरेपर्यंत त्यांनी मला आपल्या बांधाची हकिकत सांगितली. शेजारच्यानं दर नांगरटीला बांध कसा कोरत आणला, लिंबाचं झाड आजोबांच्या वेळी कुठं होतं आणि आता कुणाच्या हद्दीत आहे, खुणेचा दगड कुणाच्या गोठ्यात पायरी होऊन बसलाय, सगळं. काठी मासे धरायची आहे असं मी पुन्हा सांगितलं तेव्हा ते गालात हसले. बीड जिल्ह्यात गुपचूप फिरायला याहून हुशार सबब कुणी शोधली नसेल, असं त्यांना वाटलं असावं. चहाचे पैसे त्यांनीच दिले. "खुणा तेवढ्या नीट बघा, एवढंच म्हणणं हाय."

मामांच्या ओसरीवर पाणी, चहा, पुन्हा चहा झाल्यावर मी विषय काढला. मासे धरायला चांगली जागा कुठली?

"कोणत्या महिन्यातली?" मामांनी विचारलं.

प्रश्न चोख होता. इंग्रजी मासिकातली जागा नकाशावर असते; नांदूरघाटची पंचांगात. आषाढात जिथं ढेकळं असतात तिथं आश्विनात तळं असतं, आणि चैत्रात तिथं पोरं क्रिकेट खेळतात. १९७२ च्या दुष्काळी कामांवर मराठवाड्यात गावोगाव पाझर तलाव झाले. पाझर तलाव हा पाणी साठवण्यासाठी नसतोच. त्यानं पाणी जमिनीत मुरवून खालच्या विहिरींना पोचवायचं असतं. म्हणजे जो चांगला गळतो तो चांगला तलाव. गळती हेच ज्याचं उद्दिष्ट आहे असं दुसरं सरकारी काम मला माहीत नाही, आणि ते चोख पार पडलेलं आहे. माशाला मात्र तलाव गळून संपायच्या आत मोठं व्हावं लागतं. बोटुकली सोडली की रोहू, कटला, मृगल यांची उन्हाबरोबर शर्यत सुरू.

या शर्यतीत कधीच न हरणारा मासा म्हणजे मरळ. मरळ हवेतलाही श्वास घेते. थोड्या थोड्या वेळानं वर येते, हवेचा घोट घेते, खाली जाते. पाणी आटून चिखल उरला तरी ती तग धरते. हा मासा बीड जिल्ह्याचं पाणी बघूनच घडवलेला आहे. विहिरीत, डोहात, तलावाच्या गाळात ती असते, आणि तिला लागते जिवंत हालचाल: नाकतोडा किंवा बारकी बेडकी. तिच्या तांबूस पिल्लांचा घोळका वर तरंगताना दिसला की खाली आईबाप राखणीला आहेत असं समजावं. तेव्हा समोर येईल त्यावर ती तुटून पडतात, म्हणजे गळवाल्याची चांदीच. पण आबा, म्हणजे मामांचे वडील, म्हणाले, "तव्हा गळ टाकायचा नसतो. लेकुरवाळी असती ती." आबा माळकरी आहेत. मासा त्यांनी उभ्या आयुष्यात खाल्लेला नाही, पण तालुक्यातला कोणता मासा केव्हा काय खातो हे त्यांना पाठ आहे.

मांजरा धरणही याच तालुक्यात, धनेगावला. २०१६ च्या उन्हाळ्यात ते कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेर ते भरलं. अशा धरणातल्या माशाचा स्वभाव संशयी असणं साहजिक आहे. शिवाय तिथं मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, त्यामुळे विचारल्याशिवाय गळ टाकणं बरं नाही. आमचं तलावावर ठरलं.

आता आमिष. इंग्लंडात कार्पसाठी मक्याचे गोड दाणे, डब्यातल्या मांसाचे तुकडे, मुद्दाम पैदास केलेल्या अळ्या आणि 'बॉयली' नावाच्या उकडलेल्या पिठाच्या गोळ्या लावतात. त्या गोळ्यांना स्ट्रॉबेरीचा वाससुद्धा देतात. हे मी कौतुकानं सांगत असताना मामी कणीक मळत होत्या. रोहूला शेंगदाण्याची पेंड आवडते, म्हणून मी थोडी पेंड मागितली. मामी म्हणाल्या, "जावईबापू, तुम्हाला न्हाई म्हणवत न्हाई. पण म्हशीपुढून पेंड उचलून मासळीला घालायची, अन् दूध कमी आलं तर मासळी भरून देणार का?" शेवटी पेंड, कणीक आणि ठेचलेला लसूण यांचा गोळा झाला. त्याचा वास इतका चांगला होता की मामांनी त्याची भजी होतील का असं विचारलं.

गांडुळांचं काम पोरांनी केलं. बीडच्या काळ्या रानात दिवाळीनंतर गांडूळ खाली खाली जातं, पण मोरीच्या सांडपाण्याशेजारी आणि उकिरड्याच्या ओल्या कडेला ते मुक्कामाला असतं.

मग मामींनी विचारलं, "एवढं मटण-बिटण लावून धरलेला मासा ते कसा करतेत? कालवण का तळून?"

"खात नाहीत," मी म्हणालो. "वजन करतात, फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडतात. गळानं जखम झाली असेल तर औषधही लावतात."

ओसरीवर शांतता पसरली. मग आबा म्हणाले, "म्हंजी ते बी माळकरीच की!"

या एका वाक्यानं साहेबाच्या खेळाला गावात जी प्रतिष्ठा मिळाली, ती माझ्या भाषणानं मिळाली नसती.

सामानाची तपासणी झाली. नायलॉनच्या दोऱ्याला इथंही तंगूसच म्हणतात, त्यावर वाद झाला नाही. गळांच्या पाकिटावरचे आकडे बघून मामा बुचकळ्यात पडले, कारण नंबर जितका मोठा तितका गळ बारीक: वीस नंबर नाकातल्या चमकीएवढा, सहा नंबर चांगला मोठा. "म्हंजी पगाराच्या उलटं," असं म्हणून त्यांनी ते मान्य केलं. माझा रंगीत तरंगा मात्र नामंजूर झाला. आबांनी ज्वारीचं वाळलेलं ताट सोललं, आतलं पांढरं भेंड बोटभर कापलं आणि दोऱ्याला बांधलं. भेंड पाण्यावर हलकं उभं राहतं, मासा नुसता हुंगून गेला तरी थरथरतं आणि हरवलं तर शेतभर दुसरं असतं.

जावई चिखलात बसणार ही कल्पना घराला सहन होईना. तेव्हा तलावाकडे निघालेली मिरवणूक अशी: पुढं गांडुळाचा डबा घेतलेली पोरं, मागं काठी घेऊन मी, माझ्यामागं डोक्यावर प्लास्टिकची खुर्ची घेतलेला मामांचा धाकटा, आणि शेवटी काठी टेकत आबा. वाटेत जो भेटे तो विचारी, "मोजणी कुणाची?"

माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक रेघ असते. पाण्यातली बारीकशी हालचालही तिला कळते. काठावर पाय आपटला तर ते पाण्यात पोचतं. हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. ते ऐकायला आणखी माणसं जमा झाली. प्रत्येकाकडे सल्ला होता. एकानं "वारं खालून हाय, पलीकडं जावा" म्हटलं, दुसऱ्यानं पलीकडून हाक मारून इकडं मासे नाहीत असं कळवलं. कुणाच्या तरी खिशात फोनवर हरिपाठ सुरू झाला. मी खुर्चीत. ऊन कलल्यावर भेंड थरथरलं, आडवं झालं आणि बुडालं. दहा जण एकदम ओरडले, "वढा!"

वर आली चिलापी. तळहाताएवढी.

चिलापी मूळची आफ्रिकेची. १९५२ साली ती भारतात आणली आणि तेव्हापासून तिनं मागं वळून पाहिलेलं नाही. उजनीच्या पाण्यात तर तिचंच राज्य आहे. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते आणि तेवढे दिवस उपास काढते. हे मी सांगताच आबांना तिच्याविषयी जिव्हाळा वाटू लागला, आणि कालवणाची आशा तिथंच मावळली.

तशीही ती नव्हतीच. त्या दिवशी गुरुवार होता. शुक्रवारी मामींचा उपास, शनिवार मारुतीचा, सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा. रविवारी मटण असतं, त्याच्या आड मासा येऊ शकत नाही. राहता राहिला बुधवार, आणि येत्या बुधवारी एकादशी. चिलापीचा फोटो काढला आणि तिला सोडून दिलं. इंग्लंडात ज्यासाठी माणसं वर्गणी भरतात ते नांदूरघाटात पंचांगानं फुकट करून दिलं.

परतताना मी विचारलं, इथले खरे पटाईत गळवाले कोण? पोरांनी पटापट बापांची आणि काकांची नावं घेतली. मग आज कुणीच कसं दिसलं नाही? "कारखान्याला गेले," एकजण म्हणाला. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. तिकडं पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं, आणि त्या परततात ते मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे तलाव भरलेला असतो तेव्हा काठावर म्हातारी आणि पोरं, आणि पटाईत हात गावात येतात तेव्हा तलावात क्रिकेट. इंग्लंडच्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून गळ टाकायला बंदी असते, माशांना विणीसाठी उसंत मिळावी म्हणून. तिथं त्यासाठी कायदा आहे, दंड आहे. नांदूरघाटात जवळपास त्याच तारखांना तीच बंदी ऊन लावतं, आणि मोडायची कुणाची टाप नाही.

मुंबईत पवई तलावावर गळवाल्यांची रीतसर संघटना आहे, आणि पाण्यात मगरीही आहेत. ज्यांना शिस्त आणि थरार दोन्ही हवं त्यांनी तिकडं जावं. नांदूरघाटला जायचं तर पोळा ते मार्गशीर्ष या काळात जा. तलावाचा ठेका कुणाकडे आहे ते आधी विचारा. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या कडेला मात्र बसू नका. ओल्या प्लास्टिकवर पाय घसरला तर पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. गळ आणि तंगूस घरून न्या, भेंड तिथं मिळेल. आणि काठी लांब काळ्या पिशवीत घालू नका. घालणारच असाल तर सोबत तलाठ्याला घ्या.