तुम्हीच केलेला आराखडा

मा. पालकवर्ग,


आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचा विकास आराखडा तयार झाला असून तो पालकांना समजावून सांगावा, असे वरून कळवण्यात आले आहे. आता शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे हा आराखडा करायचा असतो शाळा व्यवस्थापन समितीने. तिच्यात पाऊण सभासद पालक, आणि निम्म्या महिला. म्हणजे तो तुम्हीच केला आहे. रजिस्टर पोरांच्या दप्तरातून घरोघर फिरले, त्यावर सह्या तुमच्याच आहेत. तेव्हा तुम्ही काय ठरवलेत, ते आता तुम्हाला कळवतो.

पहिले उद्दिष्ट 'निपुण'. केंद्राने २०२१ साली आणलेल्या या अभियानानुसार तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला मिनिटाला ६० शब्द, तेही अर्थ समजून, वाचता आले पाहिजेत. मुदत २०२६-२७. शब्द मोजणे सोपे, समज मोजायला वेळ लागतो. म्हणून तूर्त मोबाईलच्या घड्याळावर भागवतो. परवा तिसरीतली एक मुलगी छान वाचत होती. धड्यात विहीर आली तशी थांबली. "गुरुजी, हिला कठडा असंल का? आमच्या मळ्यातलीला नाही. आई तिकडं जाऊच देत नाही." मग कठडा कशाला बांधतात, यावर अख्खा वर्ग बोलू लागला. ४१ शब्दांवर मिनिट संपले. नोंद केली : उद्दिष्ट साध्य नाही. तिच्या शेजारचा गडी एकाही पूर्णविरामाला न थांबता सत्तरच्या पुढे गेला. काय वाचलेस, विचारले, म्हणाला, "धडा." तो निपुण.

भाषांबद्दल विचाराल, तर १६ एप्रिल २०२५ रोजी पहिलीपासून हिंदी सक्तीची झाली. १७ जूनला, शाळा उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ती 'सर्वसाधारणपणे' झाली. हिंदीऐवजी दुसरी भाषा घ्यायची तर इयत्तेत किमान २० मुले हवी होती. आमच्या पहिलीत सात. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द. त्या दिवसांत वेळापत्रक इतक्यांदा पुसले, की फळा तेवढा निपुण झाला.

पुस्तकांतल्या कोऱ्या पानांचेही तसेच. वह्यांचे ओझे कमी व्हावे म्हणून २०२३-२४पासून ती पुस्तकातच शिवून आली, आणि २०२५मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. मधल्या काळात त्या पानांवर काही घरांनी डेअरीच्या दुधाचा हिशेब मांडला. मी तो तपासला आहे. दोन ठिकाणी हातचा राहिलाय. अहवालात 'पालकांचा सक्रिय सहभाग' या मथळ्याखाली त्याचा फोटो जोडला.

गुरुजी वर्गात नसतात, ही तुमची तक्रार पोहोचली. कायद्याने आम्हाला तीनच बाहेरची कामे देता येतात : जनगणना, आपत्ती आणि निवडणूक. पैकी निवडणूक कधीच संपत नाही, कारण मतदारयादी असते आणि मी ती सांभाळणारा बीएलओ आहे. मी तुमच्या दारात मयत नावे विचारत उभा असतो, तेव्हा बाई एकट्या चारही इयत्ता सांभाळतात. साठापर्यंत पटाला शिक्षक दोनच, हेही त्याच कायद्यात आहे. उरलेल्या वेळात आम्ही ऑनलाइन माहिती भरतो. शाळेत रेंज शौचालयामागच्या चिंचेखालीच येते. त्यामुळे मी तिथे उभा दिसलो, तर शाळेचे कामकाज सुरळीत चालू आहे असे समजावे.

पुढची बैठक शनिवारी सकाळी. आजवर तुमच्याकडून आलेले विषय तीन : कंपाऊंड, पाण्याची टाकी, आणि इंग्रजी शाळेची पिवळी गाडी आपल्या फाट्यावर किती वाजता येते. तिन्ही घेतले आहेत. चौथा मी सुचवतो, कारण कायद्याप्रमाणे शाळेच्या कामावर देखरेख करायची असते याच समितीने, आणि आजवर कुणी प्रश्नच विचारलेला नाही. माझे पोर काय वाचते आणि त्याला त्यातले काय कळते, एवढे विचारा. याचे उत्तर भरायला पोर्टलवर रकाना नाही. त्यामुळे ते शोधायला मला वर्गात जावे लागेल.

आपला,
मुख्याध्यापक
(सध्या चिंचेखाली)