कागलपलीकडचा परदेश

आमचा मुलगा आणि सून न्यू जर्सीत राहतात आणि आम्ही दोघं सध्या निपाणीला. यातलं परदेशात कोण, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही. मुलाला नातेवाईक कौतुकाचे फोन करतात, आम्हाला काळजीचे. "तिकडे भाजी मिळते ना रे?" हा प्रश्न त्याला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मला मात्र पुण्याहून थोरल्या बहिणीने विचारला. मिळते म्हटलं. "आणि लाइट?" असते. "आणि मराठी?" इथे मी थोडा घुटमळलो, कारण मराठी भरपूर असते, पण ती पुण्याचं काही ऐकून घेणारी नसते.

निवृत्तीनंतर एकमेकांच्या चुका काढत बसण्यापेक्षा कुठेतरी उपयोगी पडावं, ही कल्पना बायकोची. ती गणिताची शिक्षिका, मी बँकेतला. निपाणीजवळच्या एका वसतिगृहाला मुलांचा अभ्यास घेणारं कुणीतरी हवं होतं. मानधन नाही, दोन खोल्या आणि दोन वेळचं जेवण. पुण्यापासून पावणेतीनशे किलोमीटरच्या आत. कागल मागे पडतं, दूधगंगा ओलांडली की कोगनोळीचा नाका येतो, पाट्यांवरची अक्षरं गोल गोल व्हायला लागतात आणि परदेश सुरू. पासपोर्ट लागत नाही, असं मी बहिणीला ऐकवलं, तर तिने २०२१ काढलं. तेव्हा याच कोगनोळीला महाराष्ट्रातून येणाऱ्याला आरटी-पीसीआरचा कागद दाखवावा लागत होता. नाकात काडी घालून काढलेला व्हिसाच तो.

तसा हा परदेश कच्चाच आहे म्हणा. १९५६ पर्यंत निपाणीसकट बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. तेव्हा आलो असतो तर लोकांनी याला साधी बदली म्हटलं असतं. पुढे सीमावादावरच्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात बेळगाव तिकडेच, म्हणजे आजच्या कर्नाटकातच ठेवलं, पण निपाणी महाराष्ट्राला द्यावी, असं सुचवलं. महाराष्ट्राने अख्खा अहवालच फेटाळला. बेळगाव सोडून निपाणी घ्यायची नाही, हे तत्त्व मला मान्य आहे. पण त्या तत्त्वामुळेच आमच्या नशिबी परदेशवारी आली, हेही खरं. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. निकाल लागायच्या आत मुलांचे अपूर्णांक पक्के होतील, असं बायको म्हणते. तिने आयुष्यभर सातवीला गणित शिकवलंय, तिला घाई कसली ती माहीत नाही.

आमच्या खोल्यांना लागून एका विडी वळणाऱ्या मावशींचं घर आहे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. भिजवलेल्या तेंदूच्या पानावर पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीने पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे आणि टोक मुडपायचं. हे सगळं मावशी खाली न बघता करतात, कारण डोळे गल्लीत कोण आलं-गेलं यासाठी राखीव. बोलणंही चालूच. "जेवलासा काय?" "काय केलंतासा?" मीही एकदा हट्टाने एक विडी वळली. मावशींनी ती दोन बोटांत धरली, उजेडाकडे करून बघितली आणि एवढंच म्हणाल्या, "बँकेत हुतासा न्हवं?"

हंगामात वखारींवरून गेलं की तंबाखूचा खकाणा नाकात जातो. पुण्याचे फिरायला निघाले, हे गल्लीला आमच्या शिंकांवरून कळतं. याच तंबाखूच्या भावासाठी १९८१ मध्ये इथले शेतकरी शरद जोशींबरोबर पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले होते. पोलिसांच्या गोळीबारात बारा जण गेले. मावशी त्या दिवसांचं सांगायला लागल्या की मी शिंकसुद्धा दाबून धरतो.

एका संध्याकाळी बायको हळवी झाली. मुलगा लांब, भावंडं लांब, आपण इथे एकटे, वगैरे. मावशी ऐकत होत्या, हात चालूच. म्हणाल्या, "माझ्या बी दोन्ही लेकी परदेशातच दिल्यात की. एक कागलला, एक गडहिंग्लजला." त्यांचं स्वतःचं माहेर मुरगूडचं, म्हणजे तेही परदेशात. बायकोचा हळवेपणा तिथेच आटपला.

आमच्या आधी बेळगावात परमुलखातून येऊन राहिलेली माणसं काही कमी नाहीत. लंडन मिशनचे जोसेफ टेलर १८२० साली आले. तेव्हा फोन नव्हते, म्हणजे दिवसातून तीनदा "जेवलात का?" विचारणारं कुणी नव्हतं. काम करायला केवढी उसंत! पु. ल. देशपांडे राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला आले आणि जाताना रावसाहेबांना मराठी साहित्यात घेऊन गेले. आम्ही बेळगावला जातो आणि कुंदा घेऊन येतो. ज्याची त्याची कुवत.

सीमा तापली की गंमत जाते. कुणीतरी कुठल्यातरी बसला काळं फासतं आणि दोन्हीकडच्या बसगाड्या आपापल्या हद्दीत थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये तर महाराष्ट्राच्या दोन मंत्र्यांना बेळगावचा दौरा रद्द करावा लागला होता. अशाच एका बंदच्या दिवशी आम्हाला पुण्यात साखरपुड्याला पोचायचं होतं. बहीण फोनवर रडायच्या बेताला आली. न्यू जर्सीहून मुलाने विचारलं, "बाबा, दूतावासाला कळवू का?" तो थट्टा करत होता की काय, त्याच्या आवाजावरून कळेना. तोवर मावशींनी दाराशी दुधाचा टेम्पो थांबवला होता. "अडवतील का हो?" मी चालकाला विचारलं. त्याने आधी माझ्याकडे, मग किटल्यांकडे बघितलं. "दुधाला कोण अडवतंय? नासतंय की." आम्ही कागलला उतरलो तेव्हा नाक्यावरचे पोलीस चहा पीत होते. चहा अर्थात दुधाचा.

आता मुख्य मुद्दा. इथल्या मुलांना कन्नड येते, मराठी येते, हिंदी सिनेमातून आपसूक येते. अडतं ते गणितात आणि इंग्रजीत. निवृत्त असाल, गुडघे बरे असतील आणि नातेवाइकांचे फोन झेपत असतील तर जोडीने या. फक्त १ नोव्हेंबरच्या आसपास निघू नका. त्या दिवशी बेळगावात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीकडे काळा दिन, आणि बसचा भरवसा नसतो. बाकी वर्षभर कागलपर्यंत पोचलात की झालं. पुढचं बघायला टेम्पोवाला आहे.