नतीजा सही, तरीका नहीं

तुम्हाला म्हणून सांगतो, गुलमर्गच्या त्या प्रशिक्षणाला मी गेलो तो केवळ मेहुण्यानं ‘तुम्हाला झेपणार नाही’ म्हटल्यामुळे. भूमध्य समुद्राकडून निघालेला पश्चिमी झंझावात रात्रीपर्यंत अफरवट शिखरावर थडकणार होता, म्हणून आमच्या प्रशिक्षकांनी, म्हणजे उस्तादांनी, वर जाणं रद्द करून आम्हाला खालीच हिमस्खलनाचा धोका ओळखायला बसवलं. बर्फ सर्वांत जास्त सुटतो तो ३० ते ४५ अंशांच्या उतारावर. मी काठीवर मोबाइल ठेवून कोन मोजला, ‘१२ अंश, बिनधास्त चला!’ असं जाहीरही केलं; तेवढ्यात उस्तादांनी दाखवलं की काठी उताराला नव्हे, माझ्या पोटाला टेकली आहे.

मग बर्फाचे थर बघायला खड्डा खणला. वर वाऱ्यानं दाबून बसवलेली लादी, तळाशी साखरेसारखे सुटे दाणे. लादी घसरायला एवढं पुरतं म्हणे. मला दाणे बघून चहा आठवला. आता ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा खांब कापायचा, वर फावडं ठेवून मनगटातून १०, कोपरातून १० आणि खांद्यातून १० थापा मारायच्या, आणि जितक्या कमी थापांत खांब सरकेल तितका धोका जास्त. मनगट झालं, कोपर झालं, खांब जागचा हलेना, म्हणून मी अभिमानानं मंडळींकडे वळलो, वळताना पाय सटकला आणि खांबावरच बसलो. दोघेही घसरलो. उस्ताद म्हणाले, “नतीजा सही है, तरीका नहीं.”

गाडलेल्या माणसाची आशा पंधरा मिनिटांनंतर झपाट्यानं मावळते, त्यामुळे गाडलेल्याचा माग दाखवणाऱ्या बीकनचा, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या आणि शोधणाऱ्या यंत्राचा, सराव धावपळीचा. उस्तादांनी एक बीकन पिशवीत घालून पुरला होता. बाकीच्यांनी आपापले बीकन ‘शोधा’वर नेले, माझा ‘पाठवा’वरच राहिला, बाण का दिसत नाही म्हणून मी तो झटकत, कानाशी धरत पुढे पळतोय आणि सगळ्यांचे बाण माझ्याकडे! आयुष्यात इतकी माणसं माझ्या मागे कधी लागली नव्हती.

दुपारी वारा सुटला, माथ्यावरचा बर्फ उडून आमच्या बाजूच्या उतारावर साचू लागला. उस्तादांनी सामान आवरायला लावलं आणि सांगितलं, की हिमस्खलनात सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ते त्यांनी स्वतः किंवा सोबत्यानंच सुरू केलेलं असतं. सगळे माझ्याकडे बघू लागले.

असा उतार एकेकानं, अंतर राखून ओलांडायचा असतो. माझा नंबर आल्यावर मंडळी थेट चहाच्या टपरीपर्यंत मागे सरली.