पोरगा न्या, पाना ठेवा

प्रति,
माननीय बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य सरकार,
मुक्काम श्टुटगार्ट, देश जर्मनी.

विषय : आमच्या गॅरेजमधला पोरगा नेण्याबाबत.

महोदय,

पुणे-बंगळूर रस्त्यावर, कराडच्या अलीकडे, माझं गॅरेज आहे. ‘सर्व प्रकारच्या गाड्या खात्रीशीर दुरुस्त करून मिळतील’ असा बोर्ड आहे. पेंटरनं तो फुकट रंगवून दिला, कारण त्याच्या मोपेडचं इंजिन आमच्याकडे अडकलं होतं. गाडी कुठलीही येवो, आम्ही आधी बोनेट उघडतो आणि मग शिकतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या राज्य सरकारनं तुमच्याशी करार केला. महाराष्ट्रातले दहा हजार कुशल हात तुम्हाला हवेत, असं पेपरात आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात तुमचे तेव्हाचे चान्सलर शोल्त्स साहेब दिल्लीला आले आणि भारतीय कुशल कामगारांचे वर्षाचे व्हिसा वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेतो म्हणाले. वाचून आनंद झाला. आपली सोयरीक तशी जुनीच. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं. तुमची मर्सिडीज चाकणला जुळते, तुमची बॉश नाशकात पार्ट बनवते. गाड्या तुमच्या, पार्ट तुमचे, आता मिस्त्रीही तुमचेच. खड्डे तेवढे पूर्ण स्वदेशी राहिले.

तर तुम्हाला हवा असलेला कुशल हात माझ्याकडे आहे. दहावीत गणितानं दगा दिल्यावर हा पोरगा गाड्या धुवायला आला. पुढं कसाबसा दहावी सुटला. आज त्याच्यासमोर डिझेल गाडी नुसती चालू करा, कितव्या सिलिंडरचा इंजेक्टर गळतोय ते तो झाकण न उघडता सांगतो. स्कॅनर आमच्याकडेही आहे, पण तो गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी. निदान कान करतो. बोलेरोचा गिअरबॉक्स तो एकटा, पाठीवर झोपून, छातीवर घेऊन उतरवतो. खंबाटकीच्या घाटात रात्री गाडी बंद पडली की मालक मला फोन करतात आणि विचारतात, ‘पोरगा आहे का?’ मी आहे का, हे कोणी विचारत नाही.

हे सगळं तुमच्या अर्जात कुठल्या रकान्यात भरायचं, ते आम्ही चार रात्री शोधतोय. वय आहे, पासपोर्ट आहे, ‘व्यावसायिक शिक्षण’ आहे. कानासाठी रकाना नाही.

तुमची पद्धत मी समजून घेतली. हांडवेर्क्सकामर नावाचं तुमचं कारागिरांचं मंडळ आहे. ते परदेशी प्रमाणपत्र आपल्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतं आणि किती कमी पडतं ते लेखी कळवतं. ताडून बघायला आधी प्रमाणपत्र लागतं, एवढीच अडचण. मार्च २०२४ पासून तुम्ही आणखी एक दार उघडलं : ज्याच्याकडे स्वतःच्या देशात सरकारमान्य असलेलं किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण आहे आणि वर दोन वर्षांचा अनुभव आहे, त्याला जर्मन मान्यतेशिवायही नोकरीला येता येतं. पगाराची अट आहे. २०२५ साली ती वर्षाला ४३,४७० युरो होती, सामूहिक वेतन-करार पाळणाऱ्या मालकाला त्यातून सूट. उदार कायदा आहे. या उदारतेत आमच्याकडचा नेमका एक माणूस बसतो.

तो माझ्याकडेच आहे. आयटीआय झालेला, मोटर मेकॅनिक व्हेईकल, पूर्ण दोन वर्षं, शिक्क्यासकट. मुलगा चांगला आहे, नम्र आहे, कपडे स्वच्छ ठेवतो. कार्ब्युरेटरची आकृती त्याला अजून पाठ आहे. आमच्या गॅरेजात कार्ब्युरेटरची गाडी शेवटची कधी आली ते मला आठवत नाही. क्लचप्लेट बदलायची झाली की तो पोरग्याला हाक मारतो आणि स्वतः बॅटरी धरून उभा राहतो. कायद्याच्या भाषेत बॅटरी धरणारा कुशल आणि गाडीखालचा अकुशल. त्यामुळे माझा प्रस्ताव असा की तुम्ही बॅटरीवाला न्या. कागद तुमच्याकडे, हात माझ्याकडे. कराराचा शब्दही मोडत नाही आणि माझं गॅरेजही बंद पडत नाही.

पण पोरगा ऐकायला तयार नाही. परवा म्हणाला, ‘मालक, अनुभवाचं पत्र लिहून द्या. लेटरहेडवर.’

‘लेटरहेड कुठलं आपलं? बिलबुक आहे.’

‘मग छापून घ्या. किती वर्षं काम करतोय, काय काम करतोय, पगार किती, सगळं लिहा. पगारपत्रकं पण लागतील.’

आता तुम्हीच सांगा, महोदय, पगारपत्रक कुठून आणू? पोरग्याला मी दर शनिवारी हातात पैसे देतो, दिवाळीला कपडे देतो, आजारी पडला तर दवाखान्यात नेतो, आणि पगार वाढवा म्हणाला तर त्याच्या थोरल्या भावाला बोलावून समजावून सांगतो. एवढ्या जिव्हाळ्याच्या नात्यात हजेरीपट आणि पीएफ आणणं मला बरं दिसलं नाही. त्याचं नाव माझ्या एकाही वहीत नाही. तसं पाहिलं तर तो इथं कधी कामालाच नव्हता. बोलेरोचे गिअरबॉक्स आपोआप उतरले.

आमच्या सरकारनं यावर उपाय काढलाय. हातानं शिकलेल्याची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र द्यायची सोय कौशल्य विकास योजनेत आहे. ते मिळवायला काही दिवस पुरतात. पण तुमची पट्टी दोन वर्षांची आहे, काही दिवसांचा कागद तिच्यावर ठेवला तर दिसतसुद्धा नाही.

मग तुमचं ते संधी-कार्ड बघितलं, चान्सनकार्टे. जर्मनीत जाऊन नोकरी शोधायची मुभा. तिथंही दोन वर्षांचं शिक्षण हवंच, शिवाय तोवरच्या खर्चासाठी खात्यात पैसे दाखवायचे. २०२५ मध्ये महिन्याला १,०९१ युरो, वर्षाचे झाले तेरा हजारांच्या वर. रुपयांत बारा-तेरा लाख. ज्या मिस्त्रीच्या खात्यात बारा-तेरा लाख पडलेत तो श्टुटगार्टला जाईल कशाला? माझ्यासमोरच दोन पोस्टची लिफ्ट टाकून गॅरेज काढील आणि माझा धंदा बसवील.

उरला एकच रस्ता, आउसबिल्डुंग. म्हणजे पुन्हा उमेदवारी. मालकाकडे काम, सोबत शाळा, महिन्याला विद्यावेतन, आणि साडेतीन वर्षांनी ‘मेशाट्रोनिकर’ ही पदवी. तुम्ही २००३ पासून मेकॅनिक आणि वायरिंगवाला एकाच अंगात घातलेत, हे मला आवडलं. आमच्याकडे ते दोघं एकमेकांवर ढकलतात आणि गाडी मध्ये उभी असते. सव्विसाव्या वर्षी पोरगा पुन्हा पोऱ्या होणार, तेही मी मान्य केलं. पण त्यासाठी त्याला जर्मन भाषेची बी-वन पातळी गाठायची आहे. रात्री गॅरेज बंद झाल्यावर तो मोबाइलवर टेबल पुल्लिंगी का आणि मुलगी नपुंसकलिंगी का, याचा अभ्यास करत बसतो. आणि इकडे मी ऐकतो, की तुमच्या राज्यानं १९९९ मध्ये स्वतःची जाहिरातच अशी केली होती : आम्हाला सगळं जमतं, फक्त शुद्ध जर्मन जमत नाही. म्हणजे तुम्हाला जे जमत नाही ते कराडच्या पोरग्याला जमलं, तरच तो तुमचे नट आवळायला लायक.

नट आवळण्यावरून बोलतो. तुमच्याकडे चाकाचे नट टॉर्क रेंचनं, ठरलेल्या आकड्यावर आवळतात. आमच्याकडे पान्यावर उभं राहून आवळतात. पोरग्याचं वजन अठ्ठावन्न किलो, आजवर चाक निखळलं नाही. तुमच्याकडे हिवाळ्याचे टायर वेगळे, ऑक्टोबर ते ईस्टर. आमच्याकडे टायर बारा महिने तोच, तार दिसेपर्यंत. एसीचा गॅस भरायला तुमच्याकडे वेगळं प्रमाणपत्र, इलेक्ट्रिक गाडीच्या हाय व्होल्टेजला हात लावायला वेगळं. जुनं ऑइल विकणाऱ्यानंच परत घ्यायचं असा तुमचा कायदा. आमचं सेंट्रिंगवाला घेऊन जातो, प्लेटांना लावायला, आणि दोन पैसे देऊन जातो. दर दोन वर्षांनी गाडीची तपासणी, मग नंबरप्लेटवर गोल स्टिकर. आमची पीयूसी इतकी प्रगत आहे, की कित्येकदा गाडी न्यावीही लागत नाही. आणि मास्टरची परीक्षा दिल्याशिवाय तुमच्याकडे स्वतःचं गॅरेज उघडता येत नाही म्हणतात. हे वाचल्यावर मी पंखा लावून थोडा वेळ बसलो.

हे सगळं खरं मानलं, तर पोरगा तुमच्याकडे जाऊन सुधारेल याची मला भीती आहे. नट आकड्यावर आवळायला शिकेल. ठरलेल्या वेळी घरी जायला शिकेल. आजारी पडला तर पगार कापला जात नाही हे त्याला कळेल. रविवारी गाडी धुणंसुद्धा तुमच्याकडे बहुतेक गावांत चालत नाही. माझा रविवार म्हणजे सगळ्यात धंद्याचा दिवस. असा बिघडलेला माणूस सुट्टीवर आला आणि बाकीच्या पोरांत बसला, तर नुकसान कोण भरून देणार?

एका जुन्या गोष्टीची मात्र तुम्हाला आठवण करून देतो, कारण ती तुमच्याच राज्यातली आहे. ऑगस्ट १८८८. बेर्था बेन्झ बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, नवऱ्यानंच बनवलेल्या गाडीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाल्या. शंभरेक किलोमीटर. पेट्रोलच्या नळीत कचरा आला तो बाईंनी टोपीच्या पिनेनं काढला. वायर उघडी पडली तिला मोज्याचा बंद गुंडाळला. इंधन संपलं तेव्हा वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं. साखळी सैल झाली ती लोहाराकडून नीट केली, आणि ब्रेकचं लाकूड झिजलं तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंगची सुरुवात तिथनंच झाली असं सांगतात. हे सगळं आमच्या खंबाटकीच्या घाटात दर आठवड्याला होतं, आमच्याकडे पिनेऐवजी तार असते आणि बंदाऐवजी सायकलची ट्यूब. बाई आज तुमच्या मंडळापुढं उभ्या राहिल्या असत्या तर त्यांना दोन वर्षांचं प्रमाणपत्र मागितलं असतं का, एवढं कळवावं.

तुमच्या नावावर इकडे दलालांचं पीक आलंय, तेही कळवतो. भाषा नको, कागद नको, तीन लाख द्या, असं सांगणारा एक जण चहा पिऊन गेला. त्याला मी म्हटलं, १९८३ च्या कायद्याखाली सरकारकडे नोंदवलेला एजंट असशील तर नंबर दाखव, आणि सेवाशुल्काची मर्यादा तीस हजार अधिक जीएसटी आहे तेही सांग. त्याला एकदम दुसऱ्या गावी काम निघालं. करारावर सही करणाऱ्या दोन्ही सरकारांनी एवढी माहिती तालुक्याच्या एसटी स्टँडवर मोठ्या अक्षरांत लावली असती, तर मला चहा वाया घालवावा लागला नसता.

असो. लेटरहेड छापायला टाकलंय. अनुभवाचं पत्र देणार आहे. पगाराच्या जागी काय लिहायचं त्यावर वकिलाशी बोलणं चालू आहे. पोरगा गेला तर त्याला रिंगपान्यांचा सेट मात्र नेऊ देणार नाही. तुमच्याकडे पाने मालक देतो असं ऐकलंय.

कळावे,
आपला विश्वासू,
एक गॅरेजमालक

ता. क. : माझ्याकडे हेल्परची जागा रिकामी होत आहे. शिक्षणाची अट नाही. पगाराचं समक्ष बोलू.