उन्हाचा धडा

बालवाडीतल्या चिमुरड्यांना ऊन जमीन कशी तापवतं हे शिकवायला पदार्थविज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक लाभावा, हे त्या मुलांचं पूर्वसंचित, असं मी बायकोला म्हणालो. तिने माझ्या हातात टोपी दिली. तेवढाच प्रतिसाद.

मांडणी पक्की होती. ऊन हवेतून बरंचसं तसंच खाली येतं, जमीन ते शोषून तापते आणि मग हवेला खालून तापवते. म्हणून सूर्य डोक्यावर येतो साडेबाराच्या सुमाराला, पण उकाड्याचा कहर दोन-तीनला. सोबत तापमान मोजायचं पिस्तूल होतं. ते काढताच सगळ्यांनी कपाळं पुढे केली. ‘‘आजोबा, मला ताप आहे?’’

इथे ॲना मणींचा विषय निघतोच. म्हणजे मी काढतोच. लग्नाच्या पंगतीतही काढतो. १९४८ साली त्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या, देशी उपकरणं घडवून घेतली, १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात ऊन मोजणारी केंद्रं देशभर उभी केली. आपण ‘फार आहे बुवा’ म्हणून सोडून देतो, ते ऊन या बाईंनी आकड्यांत धरलं! त्यांच्या ग्रंथापर्यंत पोचलो तेव्हा अर्धा वर्ग चपला काढून पसार झाला होता.

मैदानातल्या ब्लॉकवर ‘‘आई गं!’’ करत उड्या मारायच्या आणि कडुनिंबाखालच्या ओल्या मातीत जाऊन थांबायचं. ‘‘ताई, इथे गार आहे!’’ धडा संपला. मी अजून प्रस्तावनेत होतो.

पण ती माती उरलीय किती? बुंध्याभोवती परातीएवढी. ओली माती पाण्याची वाफ करत स्वतःला निववते. कोरड्या ब्लॉकला ती सोय नाही. गणवेश मळू नये, अंगणात चिखल होऊ नये म्हणून आपण या पोरांच्या पायाखालची जमीन काढून घेतली आणि अभ्यासक्रमात ‘जमीन’ हा धडा ठेवला. याचा मला खरोखर संताप येतो.

चार ब्लॉक तरी उखडा, असं पत्र मी व्यवस्थापनाला दिलं. उत्तर तत्परतेने आलं. झाडाभोवतीही ब्लॉक बसवायचं ठरलंय. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून आपणच यावं, शाल-श्रीफळ आहे.

भर एप्रिलात शाल! नकाराचं पत्र लिहायला घेतलंय. त्यात शालीचा रंग विचारावा का, एवढंच ठरायचंय.